पहिल्या ओळीवरची पिवळी खूण

नवनगरात आमच्या घरापासून तिसऱ्या घरात कुसुमावती हुद्दार एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. रोज सकाळी नऊच्या बसनं धारवाडला जायच्या आणि सहा-साडेसहाला परत यायच्या. सत्तावीस वर्षं एकाच वकील घराण्याकडे टायपिस्ट. आधी थोरल्या तोरगल वकिलांकडे, ते गेल्यावर त्यांच्या मुलाकडे, पद्मनाभरावांकडे. ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं, खाली इंटरनेटचं दुकान. २००८ साली जे घडलं ते त्यांनी मला पुढे कधीतरी, शेवयांचं पातेलं विस्तवावर ठेवून, सावकाश सांगितलं.

कॉम्प्युटर आल्यापासून त्या घाबरूनच होत्या. टाइपरायटरवर चूक झाली की कागद फाडून नवा घालता येतो. इथे एक कळ चुकली तर सगळ्या फायली नाहीशा होतील, असं त्यांना वाटायचं. सहा वर्षं झाली तरी ती धास्ती गेली नव्हती. म्हणून ऑगस्टमध्ये एका सकाळी मेल उघडताना पडद्यावर मधोमध एक चौकट आली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात झटकन मागे घेतले. ‘सुरक्षेची सूचना’ असा काहीसा इंग्रजी मथळा, खाली तीन ओळी, प्रत्येक ओळीपुढे एक खूण. सर्टिफिकेट, खात्री नाही, असं काहीबाही. शेवटी प्रश्न : पुढे जायचं का? येस की नो?

त्यांनी येस दाबलं. चौकट गेली आणि मेल आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या म्हणाल्या, ‘‘मी वाचतच नव्हते गं. चौकट दिसली की छातीत धडधडायचं, आणि येस दाबलं की थांबायचं. एवढ्यासाठीच दाबत होते.’’ असं अकरा दिवस चाललं. कुणाला सांगितलं नाही. आपल्याच हातून काही बिघडलं असेल तर?

त्याच दिवसांत सविताचं प्रकरण चालू होतं. अळणावरजवळच्या एका खेड्यातली ही मुलगी, वय सव्वीस-सत्तावीस. नवरा लक्ष्मण लाकडाच्या वखारीवर मुकादम होता. त्यानं मारून तिचा उजवा कान कायमचा बहिरा केला होता. ती पळून धारवाडात मालमड्डीला मावशीकडे, गोदूबाईंकडे, लपली होती. संरक्षणाचा अर्ज करायचा होता आणि त्या कामाच्या अधिकारी बाई बेळगावला बसायच्या. शुक्रवारी बावीस ऑगस्टला कुसुमावतींनी त्यांना मेल पाठवली. मेलमध्ये सविताचा राहण्याचा पत्ता होता. चौकट आली, त्यांनी येस दाबलं, मेल गेली.

रविवारी दुपारी दोन माणसं सविताला विचारत गोदूबाईंच्या दारात आली. सविता मागच्या दारानं शेजारच्या न्हाणीत जाऊन बसली म्हणून वाचली.

सोमवारी ती ऑफिसात आली तेव्हा तिला धड पाणीही पिता येत नव्हतं. पेला दातांवर वाजत होता. ‘‘त्यास्नी घर कुणी दावलं, अक्का? मावशीचं नावबी म्या कंदी घेतलं न्हाई त्याच्यापुढं.’’

कुसुमावतींच्या डोळ्यांपुढे ती चौकट आली. पद्मनाभराव म्हणाले, ‘‘नातेवाईक शोधणं कठीण नसतं. कुणीतरी सांगितलं असेल.’’ सविताला त्याच दिवशी बायकांच्या एका वसतिगृहात हलवलं. ती जागा फक्त वकिलांना आणि कुसुमावतींना ठाऊक होती.

ती गेल्यावर कुसुमावतींनी सुमंतला फोन केला. सुमंत म्हणजे हुबळीहून ऑफिसांची मशीन दुरुस्त करायला येणारा चाळिशीतला माणूस. त्यानं चौकट पाहिली, मग खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं आणि हसला. ‘‘अक्का, तुमच्या मशीनच्या मते आज एक जानेवारी २००२ आहे. आतली बॅटरी संपली की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते.’’

‘‘पण ते सर्टिफिकेट?’’

‘‘मेल कंपनीच्या कॉम्प्युटरचं ओळखपत्र समजा. पहिल्या ओळीत बघायचं, ते कुणी दिलं, विश्वासातल्यानं की कुणा उपटसुंभानं. दुसरीत तारीख. तिसरीत नाव. ठीक असेल तर हिरवी खूण, नसेल तर पिवळी. हे ओळखपत्र गेल्या वर्षीचं, आणि तुमचं मशीन २००२ मध्ये. त्याला वाटतं, हे अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून दुसरी ओळ पिवळी.’’

कुसुमावतींना ते लगेच उमगलं. प्रतिज्ञापत्रावर त्या हेच तर बघत आल्या होत्या. नोटरीचा शिक्का, तारीख, पक्षकाराचं नाव. सुमंतनं बॅटरी बदलली, तारीख लावली. चौकट गेली. ‘‘परत आली तर इरली बिडी, राहू दे. येस दाबा,’’ असं सांगून तो गेला. त्या रात्री त्या कितीतरी दिवसांनी नीट झोपल्या.

सोळा सप्टेंबरला मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी सुनावणी. नवा पत्ता बेळगावच्या बाईंना त्याच दिवशी कळायला हवा होता, म्हणजे त्यांचा अहवाल आणि पोलिसांचा बंदोबस्त दोन्ही होणार होतं. साडेअकराला कुसुमावतींनी मेल लिहिली, पाठवायला गेल्या, आणि चौकट आली.

त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. सोळा सप्टेंबर २००८. बरोबर. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती चौकट वाचली. दुसरी ओळ हिरवी. तिसरी हिरवी. पिवळी खूण पहिल्या ओळीवर होती.

‘‘पद्मनाभराव, जरा बघा हो.’’

वकील कोट चढवत होते. ‘‘तीच ती चौकट. दाबा येस.’’

‘‘ती नव्हे. तेव्हा तारखेवर खूण होती. आज शिक्क्यावर आहे.’’

‘‘अक्का, मला साडेबाराला कोर्टात उभं राहायचंय. सुमंतनं सांगितलंय ना दाबा म्हणून?’’ ते वाकले आणि त्यांनी माउसकडे हात नेला.

कुसुमावतींनी माउसवर आपला हात ठेवला. सत्तावीस वर्षांत त्यांनी त्या घरातल्या कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आता हात काढला नाही. ‘‘शिक्का ओळखीचा नसेल तर तुम्ही कागद दाखल करून घेता का?’’

पद्मनाभराव लाल झाले. ‘‘चारपर्यंत पत्ता पोचला पाहिजे. कसा ते तुम्ही बघा,’’ म्हणाले आणि निघून गेले.

सुमंत सुदैवानं धारवाडातच होता. कुरकुरत वर आला. घड्याळ पाहिलं, मग ओळखपत्र उघडून बघितलं, आणि त्याची कुरकुर थांबली. ‘‘हे सकाळीच तयार केलेलं आहे,’’ तो हळू म्हणाला. ‘‘आजच.’’ त्यानं बेंगळूरला मेल कंपनीत फोन लावला आणि ओळखपत्रावरचा लांबलचक आकडा वाचून दाखवला. पलीकडचा माणूस म्हणाला, आमचा आकडा हा नाही, आम्ही काहीही बदललेलं नाही.

सुमंतनं भिंतीतली वायर उपटली. ‘‘अक्का, तुमच्या आणि कंपनीच्या मधे कुणीतरी बसलंय. येस दाबलं असतं तर पासवर्ड, मेल, सगळं आधी त्याच्याकडे गेलं असतं. या बिल्डिंगची वायर एकच. तो इथंच कुठंतरी आहे.’’

ते दोघं जिना उतरू लागले. सुमंत पुढे जाऊन खालच्या दुकानात शिरला. कुसुमावती खालून तिसऱ्या पायरीवर कठड्याला धरून थांबल्या.

तेवढ्यात रस्त्यावरून एक माणूस जिन्याच्या तोंडाशी आला. बाह्यांवर लाकडाचा भुसा. हा चेहरा त्यांनी फायलीतल्या लग्नाच्या फोटोत पाहिला होता. त्यानं वर पाहिलं.

‘‘वकिलाकडं टायपिंग करणाऱ्या बाई तुमीच न्हवं?’’

त्यांनी दुसऱ्या हातानं पदर ओढून घेतला.

‘‘सविता कुठं हाय?’’ आवाज अगदी शांत होता. बसची वेळ विचारावी तसा.

‘‘मी फक्त टाइप करते.’’

‘‘पत्ताबी तुमीच टाइप करतासा की.’’ तो एक पायरी चढला. मग आणखी एक. भुशाचा वास त्यांच्या नाकाशी आला. त्या मला म्हणाल्या, ‘‘तेव्हा मला एकच भीती वाटली, की हा हात उगारेल आणि माझ्या तोंडून वसतिगृहाचं नाव निघून जाईल. म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरला.’’

आतून सुमंत ओरडला. कोपऱ्यातल्या मशीनवर मेल मधेच अडवणारा प्रोग्रॅम चालूच होता आणि यादीत तोरगलांच्या ऑफिसचं मशीन दिसत होतं. तिथे बसणारा माणूस खुर्ची उलथवून पळाला. दुकानाचे मालक विठ्ठलराव ‘हिडी, हिडी, धरा त्याला’ करत बाहेर धावले. रस्त्यावरची चार माणसं वळली. लक्ष्मण जिन्यावरून खाली उतरला, अजिबात घाई न करता, आणि गर्दीत मिसळला.

पत्ता तरीही पोचवायचा होता. फोनवर सांगायला कुसुमावतींची जीभ वळेना. त्यांनी तो कागदावरही लिहिला नाही. अडीचची बेळगाव बस पकडली. दोन तास त्या चढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बाह्या बघत होत्या. कित्तूरला एक जण मागच्या बाकावर येऊन बसला तेव्हा त्या उठून ड्रायव्हरच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, त्या थेट बेळगावपर्यंत. साडेचारनंतर अधिकारी बाईंच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी पत्ता कानात सांगितला. उशीर झाला होता, पण बाई थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कोर्टात बंदोबस्त आला. सविताला संरक्षणाचा आदेश मिळाला. लक्ष्मणला पुढे पोलिसांनी धरलं, त्यानं त्या मशीनवर बसवलेल्या माणसाचा ठावठिकाणाही त्याच्याकडून निघाला. पद्मनाभराव अक्कांपुढे येऊन म्हणाले, ‘‘माझा हात बाजूला केलात ते बरं झालं.’’

गोष्ट इथे संपली असती तर कुसुमावतींना झोप लागली असती. पण पोलिसांनी विठ्ठलरावांची वही मागवली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्यांची. मशीनवरच्या त्या माणसाच्या सह्या सप्टेंबरात तीन दिवस होत्या. आणि ऑगस्टात एकच दिवस. बावीस तारीख, शुक्रवार.

त्या दिवशीच्या चौकटीत पहिली ओळ पिवळी होती की हिरवी? त्यांनी पाहिलंच नव्हतं. तारखेची चौकट रोजच यायची. तिच्या आड ही दुसरी खूणही असती तरी त्यांनी येसच दाबलं असतं. सुमंत म्हणाला, आता कळायला काहीच मार्ग नाही. वकील म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. पण रविवारची दुपार, ती न्हाणी आणि दातांवर वाजणारा पेला त्यांच्या डोक्यातून जाईना.

दोन महिन्यांनी, सविता आदेशाची प्रत न्यायला आली तेव्हा त्यांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. अकरा दिवस, येस, वही, बावीस तारीख. डावा कान पुढे करून सविता ऐकत होती.

‘‘म्हंजे तुमच्यामुळं आलं ते?’’

‘‘असेल. नसेलही. मला माहीत नाही, हे तुला माहीत असावं म्हणून सांगते.’’

सवितानं प्रत पिशवीत घातली आणि ती जिना उतरून गेली. कुसुमावतींनी तिला अडवलं नाही.

ती पुन्हा आली ती संक्रांतीनंतर. हुबळीत एका शिवणकामाच्या कारखान्यात लागली होती. तिथे कॉम्प्युटरवर हजेरी असते म्हणाली, आणि काल पडद्यावर एक चौकट आली, इंग्रजी, काही कळेना. सगळ्या जणी म्हणत होत्या, दाब गं येस.

‘‘म्या न्हाई दाबलं, अक्का,’’ सविता खुर्ची ओढून बसत म्हणाली. ‘‘लिवून आणलंय. कसं वाचायचं ते शिकवा मला.’’