मावशीचं न काढलेलं तिकीट

१९७२ सालचा नोव्हेंबर, शनिवारची सकाळ. जवळ पंधरा रुपये. भिंगारच्या थांब्यावर पोचवायला पत्नी एस्तेर आणि मोठी मुलगी. जाण्याचं भाडं सव्वादोन, येताना दोघांचं साडेचार, उरलेले अडीअडचणीला. दोघांचं म्हणजे माझं आणि एस्तेरच्या राहेलमावशीचं. पाथर्डीच्या बाजूला तिची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. मावशीला मूलबाळ नाही, गावची विहीर आटलेली आणि वय सत्तरीपुढचं. तिला समजावून घरी आणायचं, एवढंच माझं काम होतं.

सोबत गोड्या तेलाचा घासून धुतलेला डबा, त्यात पाणी, तेही मावशीसाठी. करंजीच्या घाटात गाडी तापली. ड्रायव्हर खाली उतरला आणि इंजिनाकडे न बघता थेट माझ्या डब्याकडे बघू लागला.

"पाव्हणं, तुमचं पानी गाडीला पाजा, न्हाईतर समद्यांनी चालत जायचं."

एक बाई हसून म्हणाली, "द्या की! गाडीबी दुष्काळातलीच हाय."

डबा रिकामा झाला. घाटाच्या माथ्यावरून पाहिलं तर खाली सगळं रान मातकट, बांधावरच्या बाभळी तेवढ्या हिरव्या. रस्त्याकडेला दुष्काळी कामावर माणसं ओळीनं बसून खडी फोडत होती.

मावशी दारातच बसली होती. "सलाम, जावईबापू. डबा मोकळाच आनला?"

"सलाम, मावशी. घाटात पाणी गाडीला द्यावं लागलं."

"मंग पुण्याचं काम झालं. बसा."

तिनं मिलोची (रेशनवरच्या तांबड्या परदेशी ज्वारीची) भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. ती भाकरी थापताना तुटते आणि चावताना तुटत नाही. जेवता जेवता मी विषय काढला. टँकर एक दिवसाआड येतो, आमच्याकडे नळ आहे, एस्तेर वाट बघते आहे.

"उद्या कापनीचा सन हाय," ती म्हणाली. "तो झाल्याबिगर काय बोलायचं न्हाई."

कापणीचा सण म्हणजे पहिलं पीक देवळात (आम्ही ख्रिस्ती लोक प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतो) आणून वाहायचं. उपासनेनंतर वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला, म्हणजे चर्चच्या कामाला, जातात. पण यंदा बाजरी पेरलीच गेली नव्हती. मी विचारलं, "कापणीच नाही, तर सण कसला?"

"आवं, सन त्याचा हाय. पिकाचा न्हाई."

रविवारी देऊळ भरलं होतं. वेदीपुढे एरवी कणसांच्या पेंढ्या असतात म्हणे. यंदा एका बाईनं दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी ओंजळभर आणली होती. मावशीचा शेजारी दगडू टोपलीभर खडी घेऊन आला. लोक हसले.

"हसताय काय?" तो म्हणाला. "वरीसभर म्या हेच कापलंय!"

पाळकसाहेबांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली आणि सुकडीशेजारी ठेवली. मग मावशी उठली. तिच्या हातात बाजरीचं गाडगं होतं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून जपलेलं बियाणं. पुढच्या पेरणीला तिच्याकडे तेवढंच बी होतं.

लिलाव सुरू झाला. खडी चार आण्यांना पाळकसाहेबांनीच घेतली. "पायरीला लागंल," म्हणाले. गाडगं निघालं तेव्हा गिरणीवाल्यानं पाच रुपयांपासून बोली धरली. तो ते दळून विकणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बोली आठ झाली, नऊ झाली, दहा झाली आणि बाकीचे गप्प झाले.

माझ्या खिशात पावणेतेरा होते. माझं परतीचं भाडं सोडलं तर साडेदहा. ते दिले तर मावशीचं तिकीट निघणार नव्हतं. दिले नाहीत तर तिचं रान पडीक राहणार होतं.

"साडेदहा," मी म्हणालो. गिरणीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवून बोली सोडली.

बाहेर येऊन मी गाडगं मावशीपुढे धरलं. तिनं हात मागे घेतले.

"देवाला दिल्यालं म्या कशी परत घिऊ?"

"मग मी काय करू? भिंगारला माझ्याकडे तुळशीएवढीसुद्धा जमीन नाही."

"माझ्याकडं हाय की. बी तुमचं, रान माझं. निम्मा वाटा तुमचा."

"आणि पाऊस नाही झाला तर?"

"जलप्रळयातनं वाचल्याल्या नोहाला देवानं शबुद दिलाय, धरती हाय तवर पेरनी-कापनी थांबायची न्हाई. कुठल्या साली किती, ते न्हाई सांगितलं. तुमी आकडं मोजनारी मानसं, तिथंच अडता."

दगडू मागे उभा होता. म्हणाला, "पाव्हणं, मावशीचा हंडा आमच्या हंड्याबरुबर भरतो आमी. घोर करू नका. पर पेरनीला या, मालक!"

सगळे हसले. मीही हसलो. गाडगं तिच्या घरात, पण माझ्या नावानं, फडताळात ठेवून आलो.

परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी गोदामात माल मोजून देणारा माणूस; जो माल समोर नाही तो लिहायचा नाही, ही माझी सवय. मावशीनं मात्र न पडलेला पाऊस धरून वाटा ठरवला आणि मी त्याला कबूल झालो होतो. करंजीचा घाट उतरताना मी पहिल्यांदाच आभाळाकडे वाटेकऱ्याच्या नजरेनं पाहिलं. एकही ढग नव्हता. तरी मनाला रुखरुख नव्हती.

दारात एस्तेरनं विचारलं, "मावशी कुठंय?"

"रान राखायला राहिली."

"कुणाचं?"

"पीक आलं तर निम्मं आपलं."

ती पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं खर्च विचारला आणि मी सांगितला: कंडक्टरांना जाता-येता साडेचार रुपये, मंडळीच्या खजिनदाराला साडेदहा. मावशीचं तिकीट काढलं नाही.