रस्त्यात ओळख न दाखवण्याची रीत

ड्युल्सी आडोनिसने तीस वर्षांत सख्ख्या बहिणीला रस्त्यात एकदाही हाक मारली नाही. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. केपटाउनच्या क्लेअरमाँटमधून सरकारने गोऱ्या नसलेल्यांना हुसकावलं, तेव्हा एकाच आईच्या पोटच्या या दोघींचे कागद वेगळे निघाले. थोरल्या हेस्टरचे केस सरळ, रंग उजळ. ती गोरी ठरली आणि तिथेच राहिली. ड्युल्सीचे केस कुरळे, म्हणून आईबरोबर तिची रवानगी शहराबाहेर, हॅनोव्हर पार्क वस्तीच्या वाळूत. असल्या मूर्ख कायद्याला काय म्हणावं? आपल्यातलं कुणी गोरं झालं की त्याला चारचौघांत ओळखायचं नाही, नाहीतर त्याचं घर, नोकरी, पोरांची शाळा, सगळ्यावर पाणी. ड्युल्सी शिवणकामाला क्लेअरमाँटला जायची. हेस्टर समोर दिसली की मान फिरवायची आणि मग बसमध्ये डोळे पुसायची.

वर्णभेदाचं राज्य गेलं. हिरावलेल्या घरांचे दावे मागवले गेले. ड्युल्सीनेही अर्ज केला, पण घर भाड्याचं, कागद एकही नाही.

"आज शेवटची सुनावणी, आंटी," अधिकारी म्हणाला. "त्या घरात तुम्हाला पाहिलेला एक तरी साक्षीदार हवा. नाहीतर फाईल बंद."

"सगळे कबरीत गेले, बाळा. तिथून आणू?"

"पेपरातली दावेदारांची यादी वाचून एक बाई आल्यात." त्याने दार उघडलं. आत हेस्टर आली. "ह्यांना ओळखता?"

ड्युल्सीची मान सवयीने फिरली. "नाही. कोण ह्या मॅडम?"

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. आपण काय बोलून बसलो ते ड्युल्सीला कळलं, पण शब्द मागे घेववेना. हेस्टरची मुलं अजून स्वतःला गोरीच समजत होती.

हेस्टर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "खोटं बोलतेय ती, माझ्यासाठी. मी तिची थोरली बहीण. त्या घरात आम्ही एका पलंगावर झोपायचो आणि ही लाथा मारायची. लिहून घ्या."

"अगं, मुलांचं काय?" ड्युल्सी कुजबुजली.

"काल जेवताना सांगितलं त्यांना. धाकटा रुसलाय. बसू दे रुसून."

ड्युल्सीला इतकं हलकं वाटलं की रडूच फुटलं. अधिकाऱ्याने पेन उचललं. "आईच्या वारस म्हणून दोघींची नावं लिहू?"

"तिचं एकटीचं," हेस्टर म्हणाली. "माझा वाटा मी तिथे राहून खाल्लाय."

"गप बस," ड्युल्सी नाक पुसत म्हणाली. "दोघींची लिही, बाळा. आणि आधी हिचं. थोरली आहे."