चारची शिट्टी

श्री. देवमन पडघान सर यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पाठीशी. मी आठवीत होतो. शेलूबाजारच्या शाळेत फुटबॉलच्या संघात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी मैदानावर तीन मिनिटं उशिरा पोचलो. सर चुन्याच्या रेघेच्या आत पाठमोरे उभे होते. मी ‘सर’ म्हणून हाक मारली. पाठ हलली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. तासभर रेघेबाहेर उभा राहून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी शाबासकी मिळेल म्हणून अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिलो. सर दोरीनं गोलपोस्टमधलं अंतर मोजत होते. मान वर करून म्हणाले, “काहून आला आत्ताच? चार म्हंजे चार. साडेतीनले आला तो बी चुकलाच.” सरांशी नेमकं कसं वागावं म्हणजे ते बरोबर ठरेल, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आज पन्नाशी उलटून गेली तरी कळलेलं नाही.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी समितीनं माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी हात जोडले होते. ज्या माणसामुळे माझा संघ लीगमधून बाहेर पडला, त्याचा गौरव मी कोणत्या तोंडानं करायचा? समितीचे अध्यक्ष म्हणाले, “गजाननभाऊ, तुमीच लिहा. बाकीचे सारे निसतं गोडगोडच लिहून राह्यले.” तेव्हा लिहितो आहे. मधूनमधून चिडचिड दिसेल. ती आदरातूनच आलेली आहे असं समजून वाचकांनी चालवून घ्यावं.

सरांनी आमच्या गावच्या शाळेत आयुष्यभर शारीरिक शिक्षण शिकवलं. हायवेवरचं आमचं गाव बाजाराचं, जीपगाड्यांचं. इथे कोणतीही गोष्ट गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि नेमक्या याच गावात सर घड्याळ लावून जगले. माझ्या लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत अकरा वाजून पाच मिनिटांचा छापला होता. आता मुहूर्त छापायचा असतो आणि लग्न लागायचं तेव्हा लागतं, हे आपल्याकडे लहान लेकरालाही ठाऊक आहे. सर पावणेअकराला मंडपात हजर. मंडपात आचारी आणि दोन कुत्री. अकरा वाजून पाच मिनिटांनी सरांनी रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या, आहेराचं पाकीट नवरदेवाच्या खुर्चीवर ठेवलं आणि घरी गेले. आमचं लग्न दुपारी अडीचला लागलं. माझी बायको अजून म्हणते की तुमच्या सरांच्या हिशेबानं आपलं लग्न आपल्याशिवायच झालं आहे.

तर लीगची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू होणार, खेळाडूंना वर्षाचा करार आणि दर महिन्याला मानधन मिळणार, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातले सगळी गिऱ्हाइकं हसली होती. बॉल लाथाडायचा कोणी पगार देतं काय! संघ तालुक्याच्या गावांचे घ्यायचे असं आधी ठरत होतं. शेलूबाजारचा संघ त्यात यावा म्हणून सर बैठकीमागून बैठकीला गेले, वेळेवर गेले, आणि इतर सभासद यायच्या आत मुद्दे फळ्यावर लिहून बसले. शेवटी आम्हाला घेतलं, आसेगावला आणि केनवडलाही घेतलं. आमच्या संघाचा व्यवस्थापक मी झालो. कर्णधार विशाल, सरांचाच विद्यार्थी. त्यानं कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडून करारावर सही केली. बाकीच्या पोरांनीही कोणी शेताची मजुरी, कोणी जीपचं स्टिअरिंग असं काही ना काही सोडलं होतं. सगळ्यांच्या घरी हे एकच वर्ष बघू, मग ठरवू, असं बोलणं झालेलं होतं.

पहिला सामना आसेगावला होता. चारची वेळ. आम्ही साडेतीनला बूट बांधून तयार. चारला सत्कार सुरू झाले. प्रमुख पाहुण्यांचा झाला, जागा देणाऱ्यांचा झाला, मंडप घालणाऱ्यांचा झाला. लाऊडस्पीकरवाल्याचा सत्कार त्याच्याच लाऊडस्पीकरवरून झाला. प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर ‘दोन शब्द’. पोरं ताटकळून गवतात बसली. सामना सुरू झाला तेव्हा सूर्य कलला होता आणि उत्तरार्धात बॉल दिसेना म्हणून खेळ थांबवावा लागला. परतीच्या जीपमध्ये मी असा काही पेटलो होतो की ड्रायव्हरनं टेप बंद केला.

पुढच्याच बैठकीत मी तावातावानं उठलो आणि नियम मांडला. यजमान संघामुळे सामना दहा मिनिटांहून जास्त उशिरा सुरू झाला, तर पाहुण्या संघाच्या नावावर एक गोल लावायचा. सरांनी अनुमोदन दिलं. नियमाचा कागद माझ्याच अक्षरात आहे. त्यात ‘कारण काहीही असो’ हे शब्द मी स्वतः घातले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. सरांनी कागद वाचून मला विचारलं होतं, “कारण काई बी असो म्हंतं तू. पक्कं?” मी म्हणालो, पक्कं. मग हा नियम पाळायला सामना अधिकारी कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं सरांचं नाव घेतलं. शेलूबाजारच्या सामन्यांनाही सरच का, असं कोणीतरी हळूच म्हटलं, तर केनवडच्या संघाचे व्यवस्थापक वानखडे भाऊच म्हणाले, “पडघान सर असन तं आमची काई हरकत नाई.” त्या वाक्यानं माझी छाती फुगली होती.

हंगाम संपत आला तेव्हा आम्ही तळाला होतो. शेवटचा संघ लीगमधून बाहेर जाणार, म्हणजे त्याच्या खेळाडूंचे करारही तिथेच संपणार, असं ठरलेलं होतं. आमचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर केनवडशी. बरोबरी झाली तरी आम्ही वाचत होतो. आणि नेमका त्याच आठवड्यात सरांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती.

इथे चूक कोणाची, हे मी स्पष्टच लिहितो. माझी. पोरं म्हणाली, सरांना न सांगता त्यांचा मैदानावर सत्कार करू. मला भरून आलं. मी पावणेचारची वेळ धरली, पाच मिनिटांचा कार्यक्रम आखला, चांगली शाल आणली. पाहुणे चारला दोन मिनिटं कमी असताना उतरले. सर मध्यरेषेवर घड्याळ बघत उभे होते. त्यांना आम्ही जवळजवळ ओढतच मंडपाखाली आणलं.

“गजानन, हे काय लावलं?”

“सर, दोनच मिनिटं.”

“घड्याळ चालू हाये.”

बरोबर चारला सरांनी शिट्टी वाजवली. लोकांना वाटलं तो कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालकानं शायरी सुरू केली. पाहुण्यांनी स्वतःच्या शाळेतल्या आठवणी काढल्या. मग जुने विद्यार्थी रांगेत आले, प्रत्येकाच्या हातात हार. मी खुणा करतो आहे, हात जोडतो आहे, कोणी बघेल तर शपथ! सरांच्या खांद्यावरची शाल सारखी घसरत होती आणि त्यांनी ती एकदाही सावरली नाही. दहा मिनिटं होताच त्यांनी खिशातून वही काढली. चार वाजून चौदा मिनिटांनी माइक हातात घेतला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, “यजमान संघामुळे उशीर. केनवड एक, शेलूबाजार शून्य. सामना सुरू करा.” पुन्हा टाळ्या पडल्या, कारण सगळ्यांना ती गंमत वाटली. सरांनी शाल काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. तेव्हा टाळ्या थांबल्या.

पोरं जिवाच्या आकांतानं खेळली. केनवडनं एक गोल केला. अगदी शेवटी विशालनं डोक्यानं तो फेडला. मैदानावर एकास एक. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि मग एकेकाला आठवलं. कागदावर दोनास एक होतं. आम्ही लीगबाहेर होतो.

वानखडे भाऊ स्वतः सरांकडे आले. “सर, आमाले नोको हा गोल.”

सर म्हणाले, “तुमाले कोन देते? नियमात लागला तो.”

मी सगळ्यांच्या देखत सरांवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, तुमच्याच सत्काराची शिक्षा तुमच्याच पोरांना देता, काही वाटतं का? सरांचा चेहरा पांढरा पडला होता, तो आत्ता लिहितानाही मला दिसतो आहे. पण आवाज तोच.

“मंग कोनाच्या सत्काराची देऊ, गजानन? दुसऱ्याच्या शालीले गोल अन् माह्या शालीले माफी?”

माझा राग उलट वाढला, कारण माणसाचं म्हणणं बरोबर असलं की त्याच्यावर चिडायला दुप्पट जोर लागतो. विशाल जिनिंगमध्ये परत गेला. मी सरांशी बोलणं सोडलं.

त्यानंतर सरांनी जे केलं ते या ग्रंथात दुसरं कोणी लिहिणार नाही, कारण सरांनी ते कोणाला सांगितलेलं नाही. लीगनं त्यांना पुढच्या हंगामासाठी पुन्हा सामना अधिकारी नेमलं होतं. त्यांनी नम्रपणे नकार कळवला. आणि रोज दुपारी पावणेचारला ते माझ्या दुकानात येऊ लागले.

“एक वायसर दे.”

मी न बोलता वायसर द्यायचो. दुसऱ्या दिवशी परत, “एक वायसर दे.” नट-बोल्टखाली घालायची ती लोखंडी चकती, तीही एकच. सरांकडे ट्रॅक्टर नाही. ट्रॅक्टर सोडा, सायकलसुद्धा नाही. महिना-दीड महिना मी दात-ओठ खात दिलं आणि शेवटी माझा तोल गेला.

“सर, तुमाले रोज वायसर कायले पायजे?”

“मैदानावर ये, दाखोतो. चारले.”

गेलो. तीन मिनिटं आधी पोचलो आणि रेघेबाहेर थांबलो, इतकी अक्कल मला आली होती. आत विशाल होता, आमचा गोलकीपर होता, करार संपलेली निम्मी पोरं होती. सरांनी एकेकाच्या घरी जाऊन, त्याच्या आईबापांसमोर बसून, रोजच्या कामातला चारचा तास मागून घेतला होता. गोलच्या जाळीची खालची कड वाऱ्यानं उडते आणि बॉल खालून निसटतो, अशी आमची जुनी तक्रार होती. त्या कडेला सरांनी ओळीनं माझी वायसर शिवली होती. जाळी जमिनीला टेकून उभी होती. सर म्हणाले, “अजून एवढीच जागा रिकामी हाये. तू आधीच बोलला असता तं लवकर झालं असतं.” मी हसलो, आणि मला रडूही आलं, आणि दोन्हीची मला चीड आली. शिट्टी वाजली तेव्हा मी रेघ ओलांडून आत गेलो.

दोन वर्षांनी पात्रता फेरी जिंकून आम्ही लीगमध्ये परतलो. विशाल आज आमचा प्रशिक्षक आहे. सगळ्या जिल्ह्यात लीगचे सामने चारला सुरू होतात. सत्कार आता सामन्यानंतर असतात आणि तेव्हा सगळ्यांना घरी जायचं असतं, त्यामुळे तेही आटोपशीर झाले आहेत. त्या गोलचं मात्र मी मनावर घेतलं आहे. लीगच्या कागदांत तो सामना अजून दोनास एक असाच आहे. मी तीनदा अर्ज केला, निदान शेऱ्यात तरी खरं काय झालं ते लिहा म्हणून. तिन्ही वेळा सरांनीच लीगला कळवलं की निर्णय योग्य होता, बदलू नये.

परवा त्यांच्याकडे गेलो. पंचाहत्तरीचा समारंभ घरच्या सामन्याच्या दिवशी आहे, आणि समोर केनवडच आहे. सरांनी दिलेली शालीची ती घडी माझ्या दुकानात गल्ल्यामागच्या कपाटात तशीच आहे, मी ती उलगडलेली नाही. म्हटलं, “सर, ह्या वेळी तरी शाल घ्यान ना?”

“मॅच कितीले हाये?”

“चारले.”

“मंग सहाले घालजो.” आणि वर म्हणाले, “तेच आनजो. नवी नोको आनू.”

शालीची त्यांना आठवण होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की फक्त मलाच आहे.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं सगळेच लिहितील. माझी मागणी थोडी स्वार्थाची आहे. मला माझा तो गोल परत हवा आहे, आणि तो सरांनीच, स्वतःच्या हातानं, त्या वहीत खोडून द्यायला हवा. तोपर्यंत त्यांनी आमच्यातून हलायचं नाही. सर तो कधीही खोडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच मागतो आहे.