पट्टी कुणी उतरवली

आमच्या सोसायटीतली माणसं अजूनही विचारतात, तुमचं ते इंग्रजी गाणं चालू आहे का? जॅझ म्हटलं की त्यांचा चेहरा कोरा होतो, म्हणून मी चालू आहे एवढंच सांगते. नवरा पियानो वाजवतो, मी गाते. लग्नाआधीपासून इतकी वर्षं हॉटेलांत लोकांच्या जेवणाच्या आवाजावर गाऊन झाल्यावर, परवाच्या हिवाळ्यात आम्ही पहिला अल्बम करायला घेतला. सगळ्यांनी गाऊन झालेली जुनी गाणी, आणि साथीला फक्त पियानो, डबल बेस, ड्रम.

नेमकी त्याच वर्षी माझी पाळी गेली आणि आवाज खाली बसला. घशाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, होतं असं, सवय करून घ्या. मी करून घेतली नाही. लहानपणी ख्याल शिकले, तेव्हापासून माझी पट्टी काळी चार. पेटीवरची ती काळी पट्टी दाबली की माझा सा. काळी चार म्हणजे मीच, असं मला वाटायचं.

कोथरूडच्या स्टुडिओत आम्ही चौघं एकाच खोलीत होतो. एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरत होता, त्यामुळे नंतर संगणकावर माझा सूर ओढून जागेवर बसवायची सोय नव्हती. आणि सकाळपासून एका संथ गाण्याच्या शेवटचा वरचा सूर सारखा फाटत होता. ती ओळ जवळ आली की माझे खांदे आपोआप वर चढायचे आणि तिघंही खाली बघून वाजवायला लागायचे. त्यांनी बघितलं असतं तर बरं, असं मला वाटायचं.

नवरा म्हणाला, पट्टी जरा उतरवू.

"उतरवायला ती काय गॅसवरची कढई आहे?"

खराडीच्या ऑफिसातून सुट्टी काढून आलेला ड्रमवाला हसला आणि लगेच गप्प झाला. काळी चारमध्ये येत नसेल तर हे गाणंच काढून टाका, असं सांगून मी चहाला बाहेर गेले.

परत आले, माइकसमोर उभी राहिले, नवऱ्यानं सुरुवात केली. पहिल्याच कॉर्डला कळलं. पांढरी पाच. अर्धा सूर खाली. त्याचा हात चुकला असेल असं क्षणभर वाटलं, पण मग बेस आला, आणि तोही न अडखळता तिथंच. म्हणजे ठरलेलं होतं. कॅम्पात चष्म्याचं दुकान असलेला, मला ताई म्हणणारा बेसवाला, तो ड्रमवाला आणि माझा नवरा, या तिघांनी माझ्या आवाजावर बैठक घेतली होती, आणि निकाल फक्त मलाच कळवायचा राहिला होता.

थांबावं, रिक्षा करावी आणि घरी जावं असं वाटलं. पण माझी ओळ तोंडावर आली होती. मी रागानंच गायले. खालच्या ओळींत आवाज असा भरून आला की माझी मी दचकले. काळी चारमध्ये तिथं नुसती हवा असायची. वरचा सूर आला, फाटला नाही, आणि मला त्याचा आनंदही होईना. झांजेचा आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही.

"झालं," नवरा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, त्यामुळे मी जास्तच भडकले.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग?"

बेसवाला सॉरी ताई असं काहीतरी पुटपुटला.

मी पाणी प्यायले. खालच्या ओळींतला तो आवाज अजून छातीत होता. मला तो हवा होता, आणखी हवा होता, आणि या तिघांसमोर तसं म्हणणं अगदी जिवावर आलं होतं.

"पांढरी चारमध्ये घ्या," मी म्हणाले.

नवरा चमकला. अजून एवढं खाली कशाला, म्हणाला, आत्ताचा टेक उत्तम आहे. तो तुमचा टेक झाला, मी म्हणाले, आता माझा.

अल्बमवर पांढरी चारमधलंच गाणं आहे. नवरा अजूनही म्हणतो, आधीचं जास्त चांगलं होतं. असेलही. पण ते त्या तिघांनी ठरवलेलं होतं.