बांधापलीकडची आंबिल

मला आईवडिलांच्या दोन जोड्या आहेत. एक चिपळूणला आणि दुसरी निलंगा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात. तिथे एसटी येते असं वेळापत्रकात लिहिलेलं आहे.

दुसरी जोडी मला नोकरीसोबत मिळाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले तेव्हा गावात भाड्याने खोली नव्हतीच. निवृत्तीआबांनी आपल्या घरातली ज्वारीची पोती हलवून माझी पेटी ठेवली. पहिल्या दिवशी मी आबांना 'काका' आणि त्यांच्या बायकोला 'मावशी' म्हटलं. मावशी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "ते काका, तर मी मावशी कशी वो बाई? नातं नीट जोडा!" आठवड्याभरात 'बाई'ची 'पोरी' झाली आणि मावशींची माय. दोघांना मूलबाळ नव्हतं. मला बारा भाकऱ्यांचं पीठ मळता येईना, हे एवढं सोडलं तर माझ्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मग आली येळवस. म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खा गाव रानात जेवतो. कडब्याची खोप करायची, वर शाल पांघरायची, आत पाच दगड रंगवून लक्ष्मी मांडायची आणि ताक-ज्वारीच्या पिठाची आंबिल उभ्या पिकावर शिंपडत, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" असं ओरडत रानाला फेरी मारायची. हा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. पण आबांचा गुडघा बैलगाडीवरून पडल्यापासून रुसलेला. पुतण्या तयारच होता. आबांनी त्याला सरळ सांगितलं, "औंदा आमची लेक शिंपडंल."

गावात हसाहशी झाली. "बाईमाणूस? ते बी कोकणातलं?" पारावर एकजण म्हणाला, "आबा, पीक जळलं तर?"

"जळू द्या! माझं रान, माझी लेक!"

मला रात्रभर झोप नाही. माझ्यासाठी कुणी आजवर असं भांडलं नव्हतं. (चिपळूणला वडील फक्त रिक्षावाल्याशी भांडतात.) ठरवलं, काही झालं तरी आबांची मान खाली जाऊ द्यायची नाही.

सकाळी मायनं चुना-कावेनं रंगवलेलं गाडगं माझ्या हाती दिलं. "बांधाबांधानं शिंपडत जा. शेवटी खोपीला पाच फेऱ्या मार अन् गाडगं लक्ष्मीम्होरं रितं कर. सोपं हाय."

सोपं होतंही. पण मी भातखाचरातली मुलगी! आमचं पीक गुडघ्याशी अदबीनं उभं राहतं. इथली ज्वारी माझ्यापेक्षा वीतभर उंच! वीस पावलांत मला आभाळ आणि माझा हात सोडून काही दिसेना. "ओलगे ओलगे!" मी ओरडत निघाले. पानं गालावर सपासप, आंबिल थोडी पिकावर, बरीचशी माझ्या नव्या साडीवर. बांध कुठे लागतो ते बघत होते, तर तो लागेचना.

लागणार कसा? शेजारचे किसनराव आणि आबा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनीही दरवर्षी बांध इंच-इंच नांगरून त्याची पार सुतळी करून टाकली होती. ती सुतळी मी ओलांडली, हे मला कळलंसुद्धा नाही.

अखेर खोप दिसली. तीच कडब्याची, तीच वर शाल. मी जिवाच्या आकांतानं ओरडत पाच फेऱ्या मारल्या, आत शिरले, लक्ष्मीपुढं गाडगं रितं केलं आणि विजयी मुद्रेनं वळले. पंधरा माणसं भज्जीत बुडवलेल्या बाजरीच्या उंड्याचा घास हातात धरून माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, पाहुणे आले असतील. येळवशीला कुणीही कुणाच्याही रानात जेवतं!

"आबा कुठायत?" मी विचारलं.

तिसरीतली माझी विद्यार्थिनी संगीता उठून उभी राहिली. "बाई, हे आमचं रान हाय!" (हिला मी आठवड्यातून दोनदा नकाशा वाचायला शिकवते.)

किसनराव मिशीतल्या मिशीत हसले. "बसा बाई. अकरा वर्सांत त्येच्या रानातून पहिल्यांदाच कायतरी चांगलं आलं."

तेवढ्यात ज्वारी हलली आणि काठी टेकत आबा बाहेर आले. पाठोपाठ माय. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आबांनी रितं गाडगं पाहिलं, मला पाहिलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"किसन्या, माझी लेक दे."

"आमच्या रानाला शिंपडलंय तिनं. आता आमची लेक!"

"तुझ्या चार हायत की रं! ही एकच हाय मला!"

"आबा, माझं चुकलं," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"तू गप!" दोघेही एकदम ओरडले.

मग जे भांडण जुंपलं त्यात बांध, बैल, विहीर, सगळं निघालं. पण दर दोन वाक्यांनी गाडी पुन्हा लेकीवर! आबा म्हणाले, "चुकली तर चुकली, आमची हाय!" मी तोंडावरची आंबिल पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. इतकी महत्त्वाची मी नोकरीच्या मुलाखतीतही नव्हते.

शेवटी किसनरावांच्या बायकोनं आपल्या घरची आंबिल माझ्या गाडग्यात ओतली. "रितं गाडगं घेऊन लेक माघारी जात न्हाई. भावजी, आधी जेवा, मग घेऊन जा तिला." आबा कुरकुरत बसले. तिसऱ्या उंड्याला दोघे बैलांच्या भावावर बोलायला लागले होते.

त्यानंतर मी आबांचं रान शिंपडलं. या वेळी आबा काठी टेकत माझ्या पुढं होते. वाटेत भेटेल त्याला, "आमची लेक!" असं छाती काढून सांगत होते, आणि मी पत्रावळीएवढं तोंड करून हसत होते.

सुगी झाली. किसनरावांची कणसं मुठीत मावेनात, आमची मात्र बेतास बात. खळ्यावर सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मायनं पदर खोचला आणि ठसक्यात म्हणाली, "बगता काय? लेकच हाय ती. लेक दुसऱ्याचंच घर भरती!"

मीही अभिमानानं मान डोलावली. भाकरी, सडा, सारवण, लेकीचं एकही काम मला जमलं नव्हतं. हे तेवढं पहिल्या फटक्यात जमलं!