हवालदार मानाजींचा फोटो

दसऱ्याची परेड झाली आणि आमच्या कंपनीला प्लेग कॅम्पची ड्यूटी लागली. ग्वाल्हेर संस्थानच्या पायदळात मी तेव्हा लान्स नाईक होतो. ग्वाल्हेरला लागूनच्या लष्कर नावाच्या शहरात उंदीर मरून पडू लागले होते. दरबारच्या हुकमाने मोहल्लेच्या मोहल्ले रिकामे करून लोकांना शहराबाहेरच्या माळावर, गवताच्या झोपड्यांत आणून ठेवलं होतं. भोवती काटेरी तार. सकाळी सहाला गार्ड बदलायचा आणि आतल्या कोणाला बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच आमचं काम.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. आई म्हणायची, याचं तोंड कधी दुधानं पोळलं नाही, तरी हा ताक फुंकून पितो. जयेंद्रगंजातले फोटोवाले भास्करराव तिपाई आणि मोठी लाकडी पेटी घेऊन फाटकावर आले, तेव्हा मीच त्यांना अडवलं. त्यांच्याकडे दरबारचा परवाना होता. म्हणाले, लोक इथे कसे राहतात, कसे मरतात, कसा देवाचा धावा करतात, हे दरबारला दाखवायचंय, म्हणजे दुसरा डॉक्टर तरी मिळेल. मला पटलं नाही. दुसऱ्याच्या दुःखाचे फोटो काढायला कोण घरचं खाऊन येतो? हा इंग्रजांचा माणूस असणार, नाहीतर वर्तमानपत्राचा. मी तसा रिपोर्ट आमचे गार्ड कमांडर हवालदार मानाजी काळे यांना केला.

मानाजी बोलायला कमी, हसायला पुढे. म्हणाले, "लक्ष ठेव. आणि पेटी जड आहे, जरा हात लाव."

मी लक्ष ठेवलं. कडुलिंबाखालच्या शीतलामाईला पाणी घालणाऱ्या बायका, तारेपलीकडच्या नातेवाइकांशी ओरडून बोलणारे पुरुष, रांगेतली रिकामी भांडी, असं सगळं भास्करराव टिपत. काळं कापड डोक्यावर घेऊन म्हणत, हलू नका, श्वास रोखा. पण त्यांना सगळ्यात जास्त बोलावणी यायची ती मरणाऱ्यांच्या घरून. गरिबाघरी फोटो कुठला? माणूस हातचा जाणार असं दिसलं, की घरचे त्यांना बोलावत. निदान चेहरा तरी मागे राहावा. ते जात, फोटो काढत, आणि संध्याकाळच्या आत तो माणूस जाई.

लोकांनी हिशेब उलटा मांडला. फोटो काढला म्हणून माणूस गेला. काळं कापड कशाला? श्वास का रोखायचा? फोटो उमटलेल्या त्या काचा पेटीत बंद करून हा नेतो कुठे? खरं सांगतो, ऐकून ऐकून मलाही तसंच वाटू लागलं. पेटीला हात लावणं मी सोडलं.

मग रामकली नावाच्या म्हातारीची सून फोटोनंतर तासाभरात गेली. दुपारी निम्मा कॅम्प भास्कररावांभोवती जमला. हातात दगड आणि झोपड्यांचे बांबू. मागचे लोक तार उपटायला लागले. तार पडली तर प्लेग पुन्हा शहरात जाणार होता, आणि आम्हाला हुकूम स्पष्ट होता: आधी इशारा, मग गोळी. आम्ही रायफली भरल्या. समोर आमच्याच गल्ल्यांमधली माणसं होती.

मानाजींनी आपली रायफल माझ्याकडे दिली आणि एकटे गर्दीत शिरले. एका दगडावर पेटीसमोर बसले आणि म्हातारीला म्हणाले, "अम्मा, मेरा फोटो निकलवाओ. मैं मर गया तो फोटोवाला तुम्हारा."

रामकलीनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "आठ दिन देखेंगे, हवालदार."

फोटो निघाला. लोक पांगले. आम्ही रायफली रिकाम्या केल्या.

दुसऱ्या दिवसापासून रामकली रोज सकाळी तारेपाशी येऊन मानाजींना डोळे भरून पाहून जाई. तिच्यामागे आणखी पाचपन्नास. पाचव्या दिवशी मानाजींना ताप भरला. काखेत गाठ होती. प्लेग फोटो बघून येत नाही, पण हे त्या लोकांना कोण पटवणार? मानाजींनी मला तंबूच्या दाराशीच थांबवलं.

"स्टोअरमधून नवा कोट घे. हवालदाराच्या फिती लाव. सकाळी माझी फेरी तू मार. तारेच्या जवळ जाऊ नकोस."

मी म्हणालो, दुसऱ्याचा रँक लावला तर कोर्ट मार्शल होईल.

"हुकूम माझा आहे. मी गेलो तरी बोलायचं नाही. बिगुल नको, फैरी नकोत. कळलं तर ते भास्कररावांना मारतील, तार तोडतील, आणि तुम्हाला गोळी चालवावी लागेल."

थंडीचे दिवस होते, सकाळी धुकं असे. साफ्याचं टोक तोंडावरून घेऊन मी मानाजींच्या चालीनं लांबून फेरी मारू लागलो. जन्मभर मी लोकांवर संशय घेतला. आता त्यांनी माझ्यावर घेऊ नये म्हणून देवाला विनवत होतो.

आठव्या दिवशी पहाटे मानाजी गेले. उजाडल्यावर मी फेरीला निघालो. रामकली तारेपाशी उभी होती. तिनं झेंडूचा हार तारेला अडकवला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "जुग जुग जियो, बेटा." मी लांबूनच सॅल्यूट केला. त्या दिवशी लोकांनी भास्कररावांना आपणहून आत बोलावलं.

तो हार मी मानाजींच्या अंगावर घातला. रेशनच्या गाडीत, गोणपाटाखाली, आम्ही त्यांना टेकडीमागे नेलं. बिगुल वाजला नाही, फैरी झडल्या नाहीत. भास्करराव चितेपाशी लहान मुलासारखे रडले. ते रडणं खरं आहे का, हे मी निरखून पाहिलं. खरं होतं. कॅम्पमध्ये आम्ही सांगितलं, हवालदार रजेवर गेले.

इतकी वर्षं मीही तेच सांगत आलो. हवालदार मानाजी काळे रजेवर नव्हते, ड्यूटीवर असताना गेले. रामकलीनं दिलेला आशीर्वाद त्यांचा होता. लागला मात्र मला. माझी ऐंशी उलटून गेली.