अणुवीज आणि हातभर फुलं

आमच्या घरात भांडणं आतल्या खोलीत होतात आणि मराठीत होतात. त्यामागे सोय आहे. कुंभकोणमच्या आमच्या आळीत मराठी बोलणारं हे एकच घर. उंबऱ्याबाहेर, तिण्णैवर म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, आम्ही तमिळ बोलतो. ओट्यावर बोललेलं आळीचं, आत बोललेलं आमचं. पूर्वज मराठ्यांच्या काळात इकडे आले, तेव्हापासून ही भाषा आम्ही कुलपासारखी वापरत आलो. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना ती जुनाट वाटते. कुलूप जुनं असलं तरी काम देतं, असा आमचा समज होता.

त्या शनिवारी आत जो वाद झाला त्याचा विषय होता, विकसनशील देशाने अणुवीज स्वीकारावी की नाही. प्रश्न मात्र माझ्या भाचीचा होता. विजेची इंजिनिअर झालेल्या या मुलीची दक्षिण किनाऱ्यावरच्या एका अणुवीज केंद्रात प्रशिक्षणासाठी निवड झाली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, ‘जाऊ नको’ असं एकदाही म्हणाली नव्हती. ती म्हणत होती, ‘हे आपल्या देशाला झेपणार नाही.’ भाऊ कामासाठी चेन्नईला होता. फोनवर त्याचं मत विचारलं. ‘तू म्हणशील तसं,’ तो म्हणाला. फोन स्पीकरवर होता. मायलेकी दोघींनी ते आपल्या बाजूचं धरलं.

मी वृत्तपत्राच्या टेबलावरून निवृत्त झालेली. दोन्ही बाजूंना सारख्या ओळी देण्याची सवय जात नाही, म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. प्रत्येकाला पाच मिनिटं, मध्ये बोलायचं नाही. आमचं बोलणं इथे वाचकाच्या सोयीसाठी थोडं आजचं केलं आहे. वहिनीचं ‘कोठे’ तेवढं तसंच ठेवलं आहे.

विजेच्या देखभालीचा मासिक बंद त्याच दिवशी होता. सकाळी नऊला गेलेली वीज पाचला यायची होती. इन्व्हर्टर तीनला दमला. चार वाजता आम्ही चौघं विंझणे घेऊन बसलो होतो. चौथा म्हणजे इन्नंबूरला भातशेती करणारा माझा चुलतभाऊ. तो केळीचा घड द्यायला आला होता आणि वादात सापडला.

‘पंखा बघा,’ त्याने वर बोट दाखवलं. ‘माझा मुद्दा संपला.’

‘देखभालीचा बंद हा तुटवड्याचा पुरावा होत नाही,’ मी म्हणाले. ‘ओळ खोडली.’

‘अक्का, मग माझा पंप घ्या. थ्री-फेज वीज ठरल्या वेळेलाच येते. भाताला तहान लागते तेव्हा येत नाही. मला ती कशातून काढली याच्याशी कर्तव्य नाही. शेणातून काढा.’

‘भावजी, शेणाला कोण नको म्हणतंय?’ वहिनी म्हणाली. ‘शेणाचा उरलेला गाळ शेतात जातो. यांचा उरलेला माल कोठे जाणार? हजारो वर्षं राखायचा म्हणे. या घरात मागच्या वर्षीच्या करवंट्या अजून परसात पडल्यात. त्या कोणी राखल्या?’

‘करवंट्या तूच ठेवायला सांगितल्यास, आई.’

‘मध्ये बोलायचं नाही,’ मी म्हणाले.

भाचीची पाळी आली. कोळशाची राखही कुठेतरी जातेच आणि ती लोकांच्या छातीत जाते, हा तिचा पहिला मुद्दा. देश वर यायचा तर कारखाने, इस्पितळं, रेल्वे यांना अखंड वीज हवी, हा दुसरा. ‘श्रीमंत देशांनी वर्षानुवर्षं ही वीज वापरली. आता त्यातले काही बंद करताहेत आणि आपल्याला सांगताहेत, जपून.’

‘त्यांना नंतर अक्कल आली, तर आपण ती आधीच घ्यावी,’ वहिनी म्हणाली. ‘आणि गरीब देशाने इतका खर्च एका ठिकाणी ओतून वर्षानुवर्षं थांबायचं? ऊन फुकट आहे. माझे वडगे-सांडगे एका दिवसात वाळतात.’

‘संध्याकाळी वाळतात?’

‘संध्याकाळी कोण वाळत घालतं?’

‘पण दिवा तेव्हाच लावतात ना!’

चुलतभाऊ हसला. वहिनीने त्याच्यापुढची कॉफी उचलून नेली. इथवर वाद बरोबरीत होता. माझ्या नोंदीत दोन्ही बाजूंना सात-सात ओळी आहेत.

मग वहिनीचा आवाज बदलला. ‘देश राहू दे. तिथे चूक झाली तर तुम्ही म्हणाल, फार क्वचित होते. क्वचित म्हणजे कोणाची तरी मुलगी असतेच ना? आणि त्या वाळूत माणसं राहतात तरी का?’

‘राहतात, अम्मा,’ ओट्यावरून तमिळमधून उत्तर आलं. ‘माझं माहेर तिथलंच.’

दारात आमची फुलवाली टोपली टेकवून बसली होती. भाची पाळण्यात होती तेव्हापासून ती रोज याच वेळी येते. तिला आमच्याकडच्या सर्व सुखदुःखांत आम्ही ओट्यावर ठेवलं होतं, म्हणजे आमच्या मते.

वहिनीने मला मराठीत, हळू आवाजात विचारलं, ‘वन्सं, हिला कळतं?’

‘कळतं,’ फुलवाली तमिळमध्ये म्हणाली. ‘इतकी वर्षं कानावर पडतंय. माझा हात आखूड झालाय म्हणालात, तेही कळलं होतं.’

इकडे फुलांचा गजरा हाताने, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, मोजून देतात. हिच्या हाताविषयी वहिनी बरीच वर्षं आतल्या खोलीत तक्रार करत होती. चुलतभावाने केळीच्या घडाची पाहणी सुरू केली.

‘आत ये,’ शेवटी वहिनी तमिळमध्ये म्हणाली. आतल्या खोलीत तिला कोणाशी तमिळ बोलताना मी प्रथमच ऐकलं.

फुलवालीने साक्ष दिली ती अशी. केंद्र नको म्हणून तिचे दोघे भाऊ उन्हात धरणं धरून बसले होते. आता एक भाऊ त्याच केंद्राच्या बागेत काम करतो. दुसरा अजून मासे धरतो आणि अजून विरोधात आहे. आई दोघांना एकाच ताटापुढे बसवते आणि जेवताना या विषयावर बंदी घालते.

‘भीती वाटते का तिला?’ वहिनीने विचारलं.

‘वाटते. समुद्राचीही वाटते. माझे वडील समुद्रात गेले, अम्मा. केंद्राचं पुढे काय होईल ते मला काय ठाऊक?’

‘आणि वीज? तिथेही जाते?’

‘वारा सुटला की जाते.’

भाचीने मान खाली घातली. चुलतभाऊ म्हणाला, ‘ही ओळ कोणाच्या बाजूला लिहिणार, अक्का?’ मी ती मधे लिहिली. ती अजून मधेच आहे. देशाने काय करावं हे त्या दिवशी ठरलं नाही.

वहिनीने विंझणा खाली ठेवला. मग तिने विचारलं, ‘तिथे जाई मिळते का?’

‘खाऱ्या वाऱ्यात जाई तग धरत नाही. अबोली मिळते. आपलं बाळ, ही पाप्पा, तिकडे आली तर माझी आई देईल.’ फुलवालीने आपला हात पुढे धरला. ‘तिचा हात माझ्यापेक्षा लांब आहे.’

वहिनी हसली. हसू आवरल्यावर डोळे पुसले आणि मुलीला म्हणाली, ‘लिही त्यांना. येते म्हणून लिही. पण दर रविवारी हिच्या आईकडे जेवायचं. तिथे त्या विषयावर बंदी आहे.’

पाचला वीज आली. भाचीने लगेच होकार पाठवला. फुलवालीने गजरा मोजला, थोडा जास्तच. वहिनीने तो आपल्या हाताला लावून पाहिला, तिच्यासमोर.

भाची निघाली त्या सकाळी वहिनी ओट्यापर्यंत आली. ‘रोज फोन कर,’ ती मराठीत म्हणाली. ‘आणि काही कमीजास्त असलं तर आपल्या भाषेत सांग. तिकडे कोणाला कळणार नाही.’

भाचीने पायरीकडे पाहिलं. फुलवाली आज सकाळीच आली होती. ती टोपलीत मान घालून जाई निवडत होती आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.